ब्रूबाबाचा पाचोळा

८ फेब्रुवारी

इथे येऊन दोन दिवस झाले. खोली बरी आहे. पत्रा गळत नाही असं तोए म्हणतो, पण पाऊसच नाही तर काय, काहीही म्हणेल. तोए सामो जमातीचा, मी मोसी. म्हणजे आमचं खापरपणजोबांपासून चेष्टेचं नातं. एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि राग धरायचा नाही. मला बघितल्याबरोबर ओरडला, "आलास का माझ्या गुलामा! धन्याला पाणी आण." मी म्हटलं, "कुत्र्याचं मुंडकं खाऊन तोंड धुतलंस का आधी?" गाव सोडल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसलो.

तो शेजारच्या बागेत कामाला आहे, खोली दोघांची. माझी मालकीण अफुए मावशी. इथल्या बावले जमातीची बाई, उंच, कमी बोलणारी. नवरा ब्रू गेल्या पावसाळ्यात वारला. ही कोकोची बाग त्यानेच जंगल तोडून लावलेली. पण त्यांच्यात माणूस गेला की बाग बायकोला नाही, मुलाला नाही, बहिणीच्या मुलाला जाते. तो भाचा लुकू शहरात असतो, त्याला इथे रबर लावायचंय. मावशींनी त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतलाय. नव्या कोनफळांच्या सणाला तो येणार. तोवर झाडांनी फळ धरलं तर बाग राहील, मला पिकाचा तिसरा हिस्सा आणि झोपडीपुरती जागा. नाही धरलं तर करवत, आणि मी परत पिशवी उचलायची.

आईचा फोन आला होता. "आता कुठे आहेस?" म्हणाली. नेहमी हेच विचारते. सोन्याच्या खाणीत होतो तेव्हा विचारलं, कोळसा पाडत होतो तेव्हा विचारलं. तिला वाटतं मी वाऱ्यावर बसून फिरतो.

शाळेत तीन वर्ग शिकलो. अक्षरं हातातून जायला नकोत म्हणून लिहितोय.

११ फेब्रुवारी

ही बाग नाही, उकिरडा आहे. वर्षभर कुणी हात लावलेला नाही. पाय टाकला की घोट्यापर्यंत पाचोळ्यात जातो. जिथे फळं फोडतात तिथे टरफलांचे कुजके ढीग, मध्येच केळीचे आडवे झालेले बुंधे, दाबले तर पाणी सुटतं. आणि चिलटं! डोळ्यात, नाकात, कानात. दिसत नाहीत धड, मिरीच्या भुकटीएवढी, पण ढिगाला काठी लावली की धुरासारखी उठतात.

आमच्या काया भागात, तिकडे उत्तरेच्या कोरड्या मुलखात, पान खाली पडलं की शेळी तरी उचलते नाही तर बाई तरी. अंगणात कचरा दिसला तर लोक विचारतात, घरात कोण मेलं? मला हे बघवत नाही. रात्री पडलो तरी तो पाचोळा पायाला लागतोय असं वाटतं.

उद्यापासून झाडायला घेतो. आज काटक्यांचा मोठा खराटा बांधला.

१६ फेब्रुवारी

मावशी दुपारी आल्या. मी घामाने भिजलेलो. "मावशी, बघा, तीन ओळी लख्ख केल्या."

बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं कशाला दमतोस, पोरा? राहू दे की."

"दमत नाही मी. बसलो की दमतो."

"मग झाड. पण त्या ओहोळाच्या अंगाला, त्यांच्या कबरीपाशी, खराटा न्यायचा नाही. तिथलं पानसुद्धा हलवायचं नाही."

बघून आलो. कबर कसली, पाचोळ्याचा उंचवटा. सिमेंट नाही, फरशी नाही. वर केळीचं बेट मोडून पडलंय. तोए सांगतो, गावात यावरून मावशींना नावं ठेवतात, नवऱ्याला दोन पोती सिमेंट दिलं नाही म्हणून. असेल. मला काय. मी तिथे झाडत नाही.

२ मार्च

झालं. सगळी बाग झाडली. टरफलं, बुंधे, पाचोळा, सगळं रस्त्याकडेला ओढून पेटवलं. कुजकं जळत नाही, नुसतं धुमसतं, म्हणून केरोसीन ओतलं. चिलटं गेली. आज दिवसभर एकही नाही नाकात. शेजारपाजारचे बघायला आले. एक म्हातारा म्हणाला, "मोसी पोरगा ठेवावा तर असा. आमचे नुसते पडून असतात." तोए म्हणाला, "गुलामा, जमिनीची दाढी केलीस की रे! आता पावडर लाव."

मावशींनी मासा घातलेला रस्सा पाठवला. स्वतः आल्या नाहीत.

मार्चचा तिसरा बाजार

करायला काही नाही. पहाटे उठतो, जी पाच-पन्नास पानं रात्री पडली ती झाडतो, मग हात मोकळे. तोएने सांगितलं की उत्तरेला नवीन खाण सापडली. पाय शिवशिवतात. पण इथे मला जागा मिळणार आहे, माझी. राहायचं म्हटलं तर माणसाने नेमकं काय करायचं असतं, तेच मला माहीत नाही.

ईस्टरचा सोमवार

ईस्टरसाठी लुकू आला. पांढरे बूट, हातात दोन फोन. बाग बघून खूश. माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! जमीन कशी दिसते बघ. आत्याबाई, मामाच्या वेळी इथे उभं राहवत नव्हतं."

"मामी म्हण," मावशी म्हणाल्या. "आत्या नाही मी तुझी."

त्याने टेप काढली. मी एक टोक धरलं. या ओळीपासून त्या ओळीपर्यंत, रस्त्यापासून ओहोळापर्यंत, सगळं मोजून घेतलं. मी म्हटलं, "कोपऱ्यातसुद्धा बघा साहेब, एक काडी नाही." तो म्हणाला, "हो ना, फार सोपं केलंस."

संध्याकाळी तोएला फुशारकीने सांगितलं तर तो घास तोंडात घेऊन हसत सुटला. "अरे गाढवाच्या नातवा! तुझं झाडणं मोजत होता होय? रबराचे खड्डे मोजत होता."

झोप नाही.

१९ एप्रिल

पाऊस लागला. आणि फुलं! खोडांवर, फांद्यांवर, पार मुळाजवळसुद्धा. नखाएवढी, पांढरी-गुलाबी, सालीतून सरळ बाहेर आलेली, देठ म्हणजे केस. असं झाड मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे फुलं टोकाला येतात, हातात येऊ नयेत अशी. ही तर गालाला लागतात.

मावशींना बोलावून आणलं. त्यांनी एका खोडावर तळवा टेकवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी जरा लांब जाऊन झाडत बसलो.

आईला फोन केला. मीच.

३० एप्रिल

फुलं गळतायत. एक दिवस राहतात, दुसऱ्या दिवशी खाली. मागे काही उरत नाही. देठाची खूणसुद्धा नाही.

७ मे

अजून गळतायत. नवीन येतात, गळतात. सकाळी खराट्याने फुलंच झाडतो. पाटी भरते.

म्हातारा शेजारी म्हणतो, कुणाची तरी नजर लागली. मशिदीतल्या मौलवींकडून मंतरलेलं पाणी आणून खोडांना लावलं. रस्त्याकडच्या ओळींना तोएच्या मालकाचा पंप आणून औषध मारलं. किडे असतील म्हणून. मावशींना वास आला, धावत आल्या. पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. "कोण दिसलं तुला तिथे मारायला? दाखव! एक तरी किडा दाखव!"

दाखवता आला नाही. एक मुंगीसुद्धा नव्हती. इतकी स्वच्छ बाग.

१५ मे

आज सगळं सोडून निघालो होतो. पिशवी भरली, पहाटे बसच्या फाट्यापर्यंत गेलो. बस आली. कंडक्टर म्हणाला, "चढतोस का उभा राहतोस?" मी पिशवी खाली ठेवली. तो शिवी देऊन गेला.

परत आलो तर तोए अंथरुणातच होता. "काय रे, माझी चप्पल चोरून पळाला होतास ना?"

"तुझी चप्पल कुत्रा पण नेणार नाही. तू खाशील म्हणून."

बरं झालं तो सामो आहे. दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, का गेलास, का आलास.

२८ मे

पावसात मावशींची शेळी सुटली, तिच्यामागे ओहोळाकडे गेलो. फुलं आल्यापासून त्या बाजूला फिरकलो नव्हतो. कबरीभोवतीची झाडं बघितली आणि शेळी विसरलो.

फळं. बोटाएवढी, हिरवी, खोडाला चिकटलेली, शेळीच्या आचळांसारखी. एका खोडावर दहा-बारा तरी. दुसऱ्यावर त्याहून जास्त. कबरीच्या आसपासची सगळी झाडं लगडलेली. जिथे पाचोळा संपतो आणि माझी झाडलेली जमीन सुरू होते, तिथून पुढे एक नाही. जणू कुणी रेघ ओढली.

खाली वाकलो तर नाकात चिलट गेलं. तेच ते, भुकटीएवढं. शिंकलो.

ब्रूबाबा आपल्या उशापायथ्याची झाडं सांभाळतोय. बाकीच्यांवर रागावलाय, कारण मी त्याची बाग जाळली. याशिवाय काय असणार?

२९ मे

तोएला नेऊन दाखवलं. तो खोडाला नाक लावून बसला, बराच वेळ. गंभीर झाला की तो भलताच दिसतो. मग म्हणाला, "फुलात काहीतरी घुसतंय रे. ही चिलटं. एक आत गेलं, दुसरं बाहेर आलं."

"चिलटं काय फळ देतात?"

"तुझ्या बागेत चिलटं नाहीत. तुझ्या बागेत फळं नाहीत. मी फक्त बघितलं ते सांगतो. तू मोसी, राजेरजवाड्यांचे लोक तुम्ही, तुम्हाला प्रत्येक गोष्टीला राजा लागतो."

मी म्हटलं, ते ब्रूबाबाचं काम आहे. त्याच्या मातीत बरकत आहे. तो म्हणाला, मग माती ने की. मी म्हटलं, कबरीवरची? तो उठून गेला.

डोक्यातून जात नाही.

२ जून

नेली.

चोरी म्हणायची तर चोरी. पहाटे मावशी विहिरीवर असतात तेव्हा एक पाटी भरायची. वरचा पाचोळा, खालचं काळं कुजकं, टरफलांचे मऊ तुकडे, केळीचं सोपट. कबरीच्या मधोमध हात घातला नाही, कडेकडेने घेतलं. मनात म्हणत होतो, बाबा, तुझ्याच झाडांना देतोय. ओहोळाकडून सुरुवात करून एका एका झाडाच्या बुंध्याशी ठेवलं. पसरलं नाही, उचकटलं नाही. आतल्या चिलटांसकट.

५ जून

पकडलो गेलो.

पाटी डोक्यावर, वळलो तर मावशी समोर. डोक्यावर पाण्याचं भांडं तसंच, हलल्या नाहीत. "काय आहे त्यात?"

पाटी उतरवून पायाशी ठेवली. त्यांनी बघितलं. मग कबरीकडे बघितलं, कडेला उघडी पडलेली माती. त्यांचा चेहरा असा झाला की वाटलं आता गाव गोळा करतील. कबर उकरणाऱ्याला इथे काय करतात ते मला माहीत आहे.

नेमका तोए आला. लांबूनच ओरडला, "मावशी, मारू नका त्याला, माझा गुलाम आहे! मोसी लोक जिवंत माणसाला लुटतात हे माहीत होतं, मेलेल्याचा कचरासुद्धा सोडत नाहीत हे आज कळलं. नुकसानभरपाई म्हणून मला याच्या दोन बहिणी द्यायला लावा!"

असल्या वेळी असं बोलतात का? मला वाटलं, संपलं. पण मावशींच्या भांड्यातलं पाणी हललं. आधी वाटलं रडतायत. हसत होत्या. मग रडायला लागल्या, मग भांडं खाली ठेवून तिथेच पाचोळ्यात बसल्या.

"आयुष्यभर भांडले मी त्यांच्याशी," म्हणाल्या. "केळं खाल्लं की साल तिथेच. फळ फोडलं की टरफल तिथेच. हा माणूस बसेल तिथे उकिरडा. मी खराटा घेऊन मागेमागे. म्हणायचे, अफुए, राहू दे, त्यात कुणीतरी राहतं. मला वाटायचं, आळसाला नाव शोधतायत. गेले, तर सगळे म्हणाले सिमेंट कर. मी म्हटलं, नाही. एवढं तरी न झाडता झोपू दे त्यांना."

मी म्हटलं, "मावशी, परत ठेवतो सगळं."

त्यांनी झाडांकडे बघितलं. फळांवर हात फिरवला, एकेक, जसं पोरांची डोकी मोजतात.

"ने," म्हणाल्या. "बागभर ने त्यांना. फिरायला आवडायचं."

१२ जून

तिघं वाहतोय. तोए आपलं काम उरकून येतो. कबरीपासचं पुरणार नव्हतंच, म्हणून ओहोळापलीकडची केळी, घड काढून झालेली, तोडून बुंध्यांचे तुकडे करतो आणि झाडाखाली ठेवतो. वर शेजाऱ्यांकडची टरफलं. त्यातली काळी पडलेली, रोगट फळं मावशी वेचून लांब पुरतात. ब्रूबाबासुद्धा तेवढं करायचे म्हणे. प्रत्येक ढिगात एक ओंजळ कबरीकडची, विरजण लावतात तशी.

आज मावशींनी केळं सोललं. साल हातात धरून उभ्या. इकडेतिकडे बघितलं आणि टाकली, चोरी केल्यासारखी.

रस्त्याकडच्या ओळी राहिल्यात. तिथे सगळ्यात जास्त झाडलं होतं, औषधही तिथेच मारलं होतं. पाऊस इतका जोरात आहे की तिथली उघडी माती लाल होऊन रस्त्यावर वाहून जाते.

२५ जून

आता काही करायचं नाही. मावशींचा हुकूम. "कुजू दे. तू मध्ये मध्ये करू नकोस."

कसं बसायचं? रोज जाऊन ढीग उचकटून बघावासा वाटतो. काल काठी घातलीच. चिलटं उठली का बघायला. उठली, थोडी. मावशींनी बघितलं, काठी घेऊन मोडली आणि तिचे तुकडे त्याच ढिगावर टाकले.

तोएसमोर हात मांडीखाली घेऊन बसलो तर म्हणतो, "अंडी उबवतोस?"

६ जुलै

चिलटांनी जीव खाल्ला. जेवताना रश्शात पडतात. एकदाही शिवी दिली नाही.

फुलं कमी आहेत आता. तीच भीती. चिलटं आली आणि फुलंच संपली तर?

२१ जुलै

विहिरीकडून चौथी ओळ, वाकडं झाड. फुलाच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं. काल नव्हतं. उद्या गळेल म्हणून कुणाला सांगितलं नाही.

२४ जुलै

गळलं नाही. आणखीही आलीत. तोएला सांगितलं. तो म्हणतो चिलटं, मी म्हणतो ब्रूबाबा. मावशी म्हणाल्या, भांडा, पण झाडाखाली नको.

११ ऑगस्ट

परवा कोनफळांचा सण. लुकू येणार. फळं बोटाएवढी झालीत, पण आत जाऊन, वाकून बघावं लागतं. रस्त्यावरून बघितलं तर नुसता कचरा दिसतो. तो आत आलाच नाही तर? झाडून एक वाट करावी का, असं मनात आलं. खराटा हातातही घेतला. ठेवला.

१३ ऑगस्ट

तो आला. तेच पांढरे बूट. बरोबर दोन माणसं, एकाच्या हातात लाल रंगाचा डबा. तोडायच्या झाडांना खूण करायला.

"हे काय केलंस?" माझ्याकडे बघून म्हणाला. "काय बाग होती! मामी, हा माणूस बिघडला तुमचा." मग मला, "आधी वाट झाड. मला या घाणीतून चालता येत नाही."

मी म्हटलं, "नाही."

"काय?"

"झाडणार नाही, साहेब. चालून बघा."

रंगवाला खाली बघत होता. लुकूने माझ्याकडे असं बघितलं की मी मनातल्या मनात पिशवी भरली. मग तावातावाने आत शिरला. पाच-सहा पावलं गेला असेल, केळीच्या सोपटावरून पाय सरकला. पडता पडता खोडाला मिठी मारली. "च्यायला!" म्हणून हात काढला, परत लावला. बोटांखाली काय लागलं ते बघितलं.

पाचोळा न झाडल्याची मला इतकी भीती होती. पण खाली घाण म्हणून तो पुढे जाताना एकेक खोड धरत गेला. खोड धरलं की फळ.

कबरीपर्यंत गेला. तिथली फळं आता वीतभर लांब झालेली. बराच वेळ आतच होता. बाहेर आला तेव्हा बूट काळे, तोंडावर चिलटं. "मामा बाग अशीच ठेवायचा," म्हणाला. एवढंच.

रस्त्याकडच्या ओळींना मात्र काही नव्हतं. त्या झाडांना त्याने रंग मारायला लावला. मावशींनी मान हलवली. तिथे रबर येईल. ओहोळापासून विहिरीपर्यंतची बाग राहिली.

लाल रंग लागलेलं एकेक झाड मी ओळखतो. फेब्रुवारीत पहिल्यांदा ज्या तीन ओळी मावशींना दाखवल्या होत्या, त्याच त्या.

२ सप्टेंबर

तोए चालला. खाणीतून त्याच्या भावाचा निरोप आला. फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. "येतोस?" म्हणाला. पहिल्यांदाच गुलाम म्हटलं नाही.

"बस थांबलीय, कुत्रेखाऊ. चढ."

"एक दिवस येईन, माझा गुलाम किती माजलाय बघायला." आणि खिडकीतून जोरात ओरडला, सगळ्या बसला ऐकू जाईल असं, "आंघोळ करत जा रे!"

बस दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ उभा होतो. पाय शिवशिवले. खोटं कशाला लिहू?

१४ सप्टेंबर

मावशींनी झोपडीची जागा दाखवली. कबरीच्या अलीकडे, ओहोळाच्या वर. म्हणाल्या, "अंगण हवं तेवढं झाड. अंगणापलीकडे नाही."

आईचा फोन. "आता कुठे आहेस?"

"इथेच."

"इथेच म्हणजे कुठे?"

"तिथेच, आई. फेब्रुवारीत होतो तिथेच."

तिने कुणाला तरी हाक मारून सांगितलं, तो तिथेच आहे म्हणे.

अंगणासाठी खराटा शोधायला गेलो. ऑगस्टमध्ये ठेवला होता तो ढिगावरच पडलेला. बांधलेली दोरी सुटलीय, काटक्या मऊ झाल्यात, मधूनमधून पांढऱ्या छत्र्या उगवल्यात. उचलायला वाकलो तर आतून चिलटं उठली.

तसाच ठेवला. दुसरा बांधीन.